लहान धक्का, मोठा हिशेब

ठाण्यात कॅडबरी जंक्शनवरून पोखरण रस्ता क्रमांक एकने वर्तकनगरकडे निघाले की शहराच्या स्थित्यंतराचे सारे टप्पे एकाच रस्त्यावर दिसतात. १९२५ साली सुरू झालेल्या रेमंडच्या गिरणीच्या जागेवर आता निवासी संकुले उभी आहेत. पुढे म्हाडाची जुनी वसाहत आहे आणि तिच्यातूनच पुनर्विकासाचे मनोरे वर आले आहेत. म्हाडाच्या इमारती बांधल्या गेल्या, तेव्हा तेथे राहावयास येणाऱ्या कुटुंबांच्या दारात कधी मोटारी उभ्या राहतील, हे कोणाच्या गणितात नव्हते. आज त्याच इमारतींच्या अंगणांत आणि रस्त्याच्या कडेला मोटारी दाटीवाटीने उभ्या असतात. नव्या मनोऱ्यांत त्यांच्यासाठी स्वतंत्र मजले आहेत, पण तेथेही खांब आणि भिंत यांच्यामधून गाडी काढणे ही रोजची कसरतच असते.

अशा ठिकाणी एका गाडीचा दुसरीला धक्का लागला, तर त्याची बातमी होत नाही. बंपरला चीर जाते, मागचा दिवा फुटतो, दाराला पोचा येतो. कोणाला इजा झालेली नसते आणि नुकसान काही हजारांच्या घरातले असते. बातमी होते ती त्यानंतर जे घडते त्याची. ऑगस्ट २०२४ मध्ये घाटकोपर येथे एका टॅक्सीचा मागून एका महागड्या मोटारीला हलका धक्का लागला. मोटारीतून उतरलेल्या इसमाने टॅक्सीचालकाच्या थोबाडीत मारली आणि त्याला उचलून जमिनीवर आपटले. सीसीटीव्हीतील ते चित्रण देशभर पाहिले गेले. चालकाच्या डोक्याला मार लागून त्याला रुग्णालयात दाखल करावे लागले आणि पार्कसाइट पोलिस ठाण्यात गुन्हा दाखल झाला. मोटारीचे मूळ नुकसान किती होते, याची चर्चा पुढे कोणी केली नाही.

माणसे तापट झाली आहेत, एवढे म्हणून हा विषय मिटवणे सोपे आहे. पण रागामागे एक व्यावहारिक कारणही आहे. किरकोळ धडकेला आपल्या कायद्यात, विम्यात आणि सोसायटीच्या कारभारात स्वतःची अशी जागाच नाही. कायदा तिला मोठ्या अपघाताच्या मापाने मोजतो, विमा तिचा भुर्दंड निर्दोष माणसावर टाकतो आणि सोसायटी हात वर करते. मग सारा प्रश्न दोन अनोळखी माणसांच्या अंगावर येऊन पडतो. अशा वेळी काय करावे, हे आधी ठाऊक असेल तर निम्मे भांडण टळते.

जागा तेवढीच, गाडी मोठी

प्रथम हे धक्के का लागतात ते पाहू. राज्याच्या २०२० च्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीत मोटारीच्या जागेचे माप अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब असे धरले आहे. मध्यमवर्गाची पहिली मोटार म्हणजे मारुती ८००. तिची रुंदी होती १.४४ मीटर. शेजारशेजारच्या दोन जागांत अशा दोन गाड्या मधोमध उभ्या केल्या तर त्यांच्यात १०६ सेंटिमीटर अंतर राहत असे. आज लोकप्रिय असलेल्या ब्रेझा किंवा क्रेटा या गाड्यांची रुंदी १.७९ मीटर आहे आणि त्यात बाजूचे आरसे धरलेले नाहीत. त्याच दोन जागांत त्या उभ्या केल्या की मधले अंतर ७१ सेंटिमीटरवर येते. एवढ्या फटीत दार उघडून धडधाकट माणसाने बाहेर पडणेही कठीण. मग दार शेजारच्या गाडीवर आपटते, वळण घेताना बंपर खांबाला घासतो.

एप्रिल २०२४ मध्ये महारेराने विकासकांना विक्री करारातच पार्किंगच्या जागेची लांबी, रुंदी, उंची आणि ठिकाण नमूद करणे बंधनकारक केले, ते यासाठीच. खांबाआड आलेली किंवा गाडी आतच न जाणारी जागा ग्राहकाच्या माथी मारली जात असल्याच्या तक्रारी वाढल्या होत्या. हा नियम नव्या घरांसाठी उपयोगी आहे. जुन्या वसाहतीतील अंगणांना मात्र कोणतेच माप नाही. तेथे चालकाचे कौशल्य आणि शेजाऱ्याचा समजूतदारपणा यांच्यावरच सारे चालते.

कायद्याच्या नजरेतून

मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे. त्याच्या कलम १३२ नुसार ज्या वाहनामुळे अपघात अथवा नुकसान झाले, त्याच्या चालकाने नुकसान झालेल्या व्यक्तीने मागणी करताच आपले व वाहनमालकाचे नाव आणि पत्ता दिला पाहिजे. मात्र मागणाऱ्यानेही आपले नाव व पत्ता दिला पाहिजे, अशी अट त्यात आहे. ही अट लक्षात ठेवण्याजोगी आहे. ‘तू कोण, ते आधी सांग’ असा दरडावणीचा सूर कायद्याला अभिप्रेत नाही. ओळख दोन्ही बाजूंनी द्यावयाची आहे.

कलम १३४ त्याच्याही पुढे जाते. अपघातात कोणी जखमी झाले किंवा त्रयस्थाच्या मालमत्तेचे नुकसान झाले आणि घटनास्थळी पोलिस नसतील, तर चालकाने शक्य तितक्या लवकर, फार तर २४ तासांच्या आत, जवळच्या पोलिस ठाण्यात घटनेची माहिती द्यावी, असे हे कलम सांगते. त्याचा भंग केल्यास कलम १८७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पूर्वी ही शिक्षा तीन महिने किंवा ५०० रुपये होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती वाढवली. बंपरचा ओरखडा आणि कोसळलेली भिंत यांत हे कलम भेद करीत नाही. शब्दशः पाहिले तर प्रत्येक लहान धक्क्याची खबर पोलिसांना दिली पाहिजे. प्रत्यक्षात तसे कोणी करीत नाही आणि सगळ्यांनी केले तर पोलिस ठाण्यांना दुसरे काम उरणार नाही. कायदा आणि व्यवहार यांच्यातील हे अंतर भांडखोर माणसाच्या हाती धमकीचे साधन देते, एवढाच त्याचा परिणाम.

सोसायटीचे आवार किंवा मॉलचे तळघर ‘सार्वजनिक जागा’ ठरते का, हा पुढचा प्रश्न. कायद्याच्या व्याख्येत लोकांना प्रवेशाचा हक्क असलेली जागा म्हणजे सार्वजनिक जागा. विम्याच्या संदर्भात मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९८० च्या दशकातच या व्याख्येचा व्यापक अर्थ लावला आणि परवानगीने लोक ये-जा करतात अशी खासगी जागाही तीत धरली. दुसरीकडे ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्याच्या बंदिस्त आवारातच वापरलेल्या वाहनांबाबत, ती जागा सार्वजनिक नसल्याने त्या काळासाठी वाहनकर लागू होत नाही, असा निर्णय दिला. तो प्रश्न कराचा होता आणि जागा पूर्ण बंदिस्त होती. ज्या आवारात पाहुणे, दूधवाले, कुरिअरवाले आणि रिक्षा दिवसभर येत असतात, त्या आवारात ‘ही आमची खासगी जागा आहे, येथे कायदा लागू नाही’ या समजुतीवर विसंबणे शहाणपणाचे नाही.

आता फौजदारी बाजू. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम २८१ मध्ये सार्वजनिक मार्गावर मानवी जीविताला धोका पोहोचेल अशा बेदरकारपणे वाहन चालवणे हा गुन्हा आहे. मागे घेताना हळू वेगात लागलेला धक्का सहसा या व्याख्येत बसत नाही. मालमत्तेच्या आगळिकीचे कलम ३२४ आहे. पण त्यासाठी नुकसान करण्याचा हेतू किंवा ते होणार याची जाणीव सिद्ध व्हावी लागते. अनवधानाने झालेले नुकसान हे भरपाईचे दिवाणी प्रकरण ठरते. उलट रागाच्या भरात समोरच्याला मारले तर ते कलम ११५ खाली एक वर्षापर्यंत कैदेस पात्र आहे, आणि रात्री येऊन शेजाऱ्याच्या गाडीवर किल्लीने रेघ ओढली तर ती आगळीक ठरते. पहिला धक्का देणारा बहुतेक वेळा गुन्हेगार नसतो. सूड घेणारा मात्र गुन्हेगार होतो. समोरच्याच्या गाडीची चावी काढून घेण्याचा, मोबाइल हिसकावण्याचा किंवा परवाना अडकवून ठेवण्याचा अधिकारही कोणा नागरिकाला नाही.

एक अपवाद नीट समजून घ्यावा. लहान मूल, वृद्ध किंवा वॉचमन यांपैकी कोणालाही गाडीचा धक्का लागला असेल, मग खरचटणे कितीही मामुली दिसो, ही घटना किरकोळ राहत नाही. तेथे आधी वैद्यकीय मदत, मग पोलिसांना माहिती, हाच क्रम. आपत्कालीन मदतीसाठी ११२ हा क्रमांक आहे. अशा प्रकरणात परस्पर पैसे देऊन विषय मिटवण्याचा मोह दोन्ही बाजूंनी टाळावा.

पहिली पंधरा मिनिटे

इजा झालेली नाही आणि नुकसान केवळ गाडीचे आहे, अशा वेळी कामे मोजकी आहेत. गाडी थांबवावी, इंजिन बंद करावे आणि खाली उतरावे. गाड्या हलवण्यापूर्वी मोबाइलने छायाचित्रे घ्यावीत. दोन्ही गाड्यांचे क्रमांक एकाच चित्रात येतील असे एक चित्र, नुकसानीचे जवळून एक, आणि खांब, भिंत, जमिनीवरील पट्टे दिसतील असे एक दुरून. जुने ओरखडे असतील तर तेही टिपून ठेवावेत, कारण पुढचा वाद बहुधा त्यांच्यावरूनच होतो. छायाचित्रे झाली की वाट मोकळी करावी. मागे खोळंबलेल्या दहा गाड्यांचे भोंगे वाजू लागले की शांतपणे बोलणे अशक्य होते.

नंतर नाव, पत्ता, दूरध्वनी, वाहन क्रमांक आणि विमा कंपनीचे नाव यांची देवाणघेवाण करावी. वाहनाच्या क्रमांकावरून त्याचा विमा चालू आहे की नाही, हे सरकारच्या ‘एम-परिवहन’ उपयोजनावर पाहता येते. आपली कागदपत्रे ‘डिजिलॉकर’मध्ये असतील तर ती दाखवणे पुरेसे आहे, मूळ कागद कोणाच्या हाती देऊ नये.

समोरच्या गाडीचा मालक तेथे नसेल तर काय? बहुतेक लोक आजूबाजूला पाहतात आणि निघून जातात. सचोटीची खरी परीक्षा येथेच होते. सोसायटीत असाल तर वॉचमनच्या नोंदवहीत वेळ, दोन्ही गाड्यांचे क्रमांक आणि आपला सदनिका क्रमांक लिहून ठेवावा. मॉलमध्ये असाल तर सुरक्षा कक्षाला कळवावे, ते ध्वनिक्षेपकावरून मालकाला बोलावू शकतात. वायपरखाली नाव आणि दूरध्वनी क्रमांकाची चिठ्ठी ठेवणे ही सभ्यता झाली. पण चिठ्ठी उडून जाते, पावसात भिजते, म्हणून तिच्या जोडीला ही नोंद हवीच.

ज्याच्या गाडीचे नुकसान झाले त्यानेही घाई करावी ती सीसीटीव्हीबाबत. जुन्या चित्रणावर काही दिवसांतच नवे चित्रण चढते. ‘पुढच्या सभेत विषय घेऊ’ असे म्हणत थांबलात तर पुरावा उरत नाही. त्याच दिवशी चिटणिसांना लेखी अर्ज देऊन त्या तासाभराचे चित्रण जपून ठेवण्याची विनंती करावी.

विम्याचे उलटे गणित

खरा पेच विम्यापाशी सुरू होतो. ‘विमा आहे ना, मग कशाला चिंता’ हे वाक्य अशा प्रसंगी हमखास ऐकू येते. ते तपासून घेतले पाहिजे.

ज्या वाहनमालकाने वर्षभरात स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा केला नाही, त्याला पुढच्या हप्त्यात सूट मिळते. पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनंतर ५० टक्के, अशी ती चढत जाते. तिला ‘नो क्लेम बोनस’ म्हणतात. ही सूट हप्त्याच्या स्वतःच्या नुकसानीच्या भागावर असते, तृतीय पक्ष विम्याच्या भागावर नसते. एक दावा केला की सूट शून्यावर येते आणि शिडी पुन्हा पहिल्या पायरीपासून चढावी लागते.

समजा, एका गाडीचा स्वतःच्या नुकसानीचा हप्ता १२ हजार रुपये आहे आणि मालकाला ५० टक्के सूट मिळते. तो सहा हजार भरतो. त्याने दावा केला तर पुढच्या वर्षी त्याला पूर्ण १२ हजार भरावे लागतील. त्यानंतरच्या वर्षांत तो ९,६००, ९,०००, ७,८०० आणि ६,६०० रुपये भरेल. हप्ता स्थिर राहिला असे धरले, तरी या पाच नूतनीकरणांत मिळून १५ हजार रुपये जास्त गेले. कर वेगळाच.

आता त्याला मिळाले काय ते पाहू. प्लास्टिकच्या बंपरची किंमत आठ हजार असेल तर साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या भागावर ५० टक्के घसारा कापला जातो. उरले चार हजार. त्यातून १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीसाठी एक हजार रुपयांची सक्तीची वजावट. हाती आले तीन हजार, शिवाय मजुरी व रंगाचा काही भाग. घसाऱ्याची कपात नसलेली पॉलिसी घेतली असेल तर रक्कम वाढते. बोनसचे संरक्षण वेगळे विकत घेतले असेल तर तोही वाचतो. पण ज्याने हे काही घेतलेले नाही, त्याने चार-पाच हजारांसाठी दावा करणे म्हणजे चार आण्यांच्या कोंबडीला बारा आण्यांचा मसाला. दावा करण्यापूर्वी आपल्या पॉलिसीवरचे तीन आकडे पाहावेत : सुटीचा दर, वजावटीची रक्कम आणि घसाऱ्याची अट.

यातला अन्याय असा की, हा भुर्दंड चूक कोणाची हे पाहत नाही. तुमची गाडी आपल्या जागेत उभी होती आणि दुसऱ्याने मागे घेताना तिला ठोकले, तरी तुम्ही आपल्या पॉलिसीवर दावा केला की बोनस तुमचाच जातो. कायद्याने नुकसान करणाऱ्याच्या तृतीय पक्ष विम्यातून भरपाई मागता येते. खासगी मोटारीच्या पॉलिसीत त्रयस्थाच्या मालमत्तेसाठी साधारणतः साडेसात लाख रुपयांपर्यंत संरक्षण असते. पण समोरच्या विमा कंपनीला कामगारामार्फत कागद पाठवला आणि धनादेश आला, असे होत नाही. त्यासाठी ठाण्याच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे अर्ज करावा लागतो. मालमत्तेचे नुकसान दोन हजारांहून अधिक असेल तर दिवाणी न्यायालयाचा पर्यायही आहे. आठ हजारांच्या बंपरसाठी वकील लावून तारखा घेणारा माणूस विरळाच. शिवाय ज्याने त्याने आपल्या ग्राहकाची गाडी दुरुस्त करावी, असा परस्पर समझोता करण्याची रीत विमा व्यवसायात जुनीच आहे. कंपन्यांच्या दृष्टीने तो सोयीचा असेल, पण निर्दोष ग्राहकाच्या बोनसची दखल त्यात कोणी घेत नाही.

आणखी एक गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा तृतीय पक्ष विमा एकदम घ्यावा लागतो. स्वतःच्या नुकसानीचा भाग मात्र अनेकदा एकाच वर्षाचा असतो. ‘विमा तीन वर्षांचा आहे’ या समजुतीत तो भाग संपून जातो आणि धक्का लागल्यावर कळते की आपल्या गाडीला काहीच मिळणार नाही.

तडजोड, पण कागदावर

म्हणूनच लहान नुकसानीत परस्पर तडजोड हाच बहुतेकांसाठी शहाणपणाचा मार्ग ठरतो. मात्र ती रस्त्यावर, अंदाजपंचे आकडा ठोकून होऊ नये. दोघांनी मिळून एखाद्या गॅरेजमधून लेखी अंदाजपत्रक घ्यावे आणि नुकसान झालेला भाग बदलायचा की दुरुस्त करायचा, हे त्यावरून ठरवावे. पैसे धनादेशाने किंवा यूपीआयने द्यावेत आणि चार ओळींचा कागद करावा : तारीख, वेळ, ठिकाण, दोन्ही वाहनांचे क्रमांक, झालेले नुकसान, दिलेली रक्कम, आणि ‘या नुकसानीबाबत आता काही येणे नाही’ हे वाक्य. दोघांच्या सह्या आणि एक साक्षीदार. हा कागद नसेल तर महिन्याभराने ‘आतला रेडिएटरही गळतोय’ असा फोन येऊ शकतो आणि त्याला उत्तर राहत नाही.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. विमा कंपनीच्या लेखी संमतीशिवाय विमाधारकाने चूक मान्य करू नये, भरपाईचे आश्वासन देऊ नये किंवा पैसे देऊ नयेत, अशी अट मोटार पॉलिसीत असते. याचा अर्थ इतकाच की मार्ग आधी ठरवावा. प्रकरण विमा कंपनीकडे न्यायचे असेल, तर तिला तत्काळ कळवावे, सर्वेक्षकाने पाहण्यापूर्वी गाडी दुरुस्त करू नये आणि कोणत्याही कबुलीवर सही करू नये. खिशातून पैसे द्यायचे ठरवले, तर त्याच नुकसानीसाठी नंतर कंपनीकडे दावा करू नये. दोन्ही दगडांवर पाय ठेवणाऱ्याचे दोन्ही निसटतात.

तडजोड होत नसेल, समोरचा धमकावत असेल किंवा नाव सांगण्यास नकार देत असेल, तर वाद वाढवण्यापेक्षा वर्तकनगर पोलिस ठाण्यासारख्या जवळच्या ठाण्यात लेखी माहिती देऊन तिची पोच घ्यावी. कलम १३४ चे पालनही त्यातून होते आणि घटना कधी व कशी घडली याची नोंद राहते. शिवाय दाखलपूर्व वाद मिटवण्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची लोकअदालत आहे. तेथे न्यायालयीन शुल्क लागत नाही आणि झालेला निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असतो.

चावी कोणाच्या हाती?

मॉल, हॉटेल आणि मंगल कार्यालयांत ‘वाहने स्वतःच्या जबाबदारीवर उभी करावीत’ अशी पाटी असते. ही पाटी सर्वत्र सारखी चालत नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील एका हॉटेलच्या प्रकरणात तिची मर्यादा स्पष्ट केली. १९९८ साली एका ग्राहकाने हॉटेलच्या कर्मचाऱ्याकडे चावी सोपवली होती आणि त्याची मोटार चोरीस गेली. चावी घेऊन टोकन दिल्यावर गाडी हॉटेलच्या ताब्यात आली. ती सुस्थितीत परत करण्याची जबाबदारी हॉटेलची, आणि स्वतःच्या हलगर्जीची जबाबदारी छापील मजकुराने झटकता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. तत्त्व सोपे आहे. चावी त्यांच्या हाती दिली तर जबाबदारीही बऱ्याच अंशी त्यांच्याकडे जाते. तुम्हीच गाडी लावून चावी खिशात ठेवली, तर त्यांनी केवळ जागा दिली असे ठरू शकते. म्हणून चावी देताना टोकन घ्यावे आणि गाडीचे एक छायाचित्र काढून ठेवावे.

सोसायट्यांमध्ये हाच प्रश्न वेगळ्या रूपाने येतो. एकामागे एक गाड्या लावल्या जात असल्याने चाव्या वॉचमनकडे किंवा गाड्या धुणाऱ्या पोऱ्याकडे असतात. पहाटे तोच गाड्या पुढे-मागे करतो. त्याच्याकडे परवाना नसेल तर धक्क्यानंतर विमा कंपनी दावा नाकारू शकते. हीच गोष्ट ‘फक्त कंपाउंडमध्ये’ म्हणून सोळा वर्षांच्या मुलाच्या हाती गाडी देणाऱ्या पालकांची. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९९-क नुसार अल्पवयीन चालकाच्या गुन्ह्यासाठी पालक किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला जे घडले, त्यानंतर तरी याबाबत कोणाचा भ्रम राहू नये.

मधली वाट हवी

मे २०२५ मध्ये ठाण्यातील ओवळा-माजिवड्याचे आमदार व राज्याचे परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी पार्किंगच्या जागेचे प्रमाणपत्र असल्याखेरीज नव्या मोटारीची नोंदणी करू नये, अशी भूमिका मांडली. जपानमध्ये १९६२ च्या कायद्याने अशी व्यवस्था आली. तिचे गुणदोष हा स्वतंत्र विषय आहे. पण ती उद्या अमलात आली, तरी आजच दाटलेल्या आवारातील गाड्या कमी होणार नाहीत आणि धक्केही थांबणार नाहीत. त्यांच्यासाठी लहान उपाय हवेत.

पहिला उपाय सोसायटीच्या हाती आहे. नोंदवहीत ‘वाहन नुकसान’ असे एक पान, चित्रण किमान महिनाभर जपण्याचा ठराव, खांबांना रबरी पट्ट्या, वळणावर गोल आरसा आणि चाव्या हाताळणाऱ्याचा परवाना तपासणे, यांना फारसा खर्च येत नाही. दुसरा उपाय विमा कंपन्या आणि नियामकाच्या हाती आहे. उभ्या गाडीला दुसऱ्याने ठोकल्याचा स्पष्ट पुरावा असेल तर निर्दोष मालकाचा बोनस कापू नये, एवढा नियम केला तरी पुष्कळ भांडणांतील हवा निघून जाईल. आज पॉलिसी, नोंदणी आणि चित्रण सारेच संगणकावर आहे. चूक कोणाची हे ठरवणे पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही.

तिसरा उपाय कायदेमंडळाचा. जर्मनीत अपघातस्थळावरून निघून जाणे हा फौजदारी गुन्हा आहे आणि तेथे काचेवर चिठ्ठी ठेवून जाणेही पुरेसे मानत नाहीत. पण त्याच कलमात एक सवलत आहे. धावत्या रहदारीबाहेर, म्हणजे मुख्यत्वे पार्किंगमध्ये, केवळ किरकोळ नुकसान झाले असेल आणि चालकाने २४ तासांच्या आत स्वतःहून कळवले, तर न्यायालय शिक्षा कमी करते किंवा माफ करते. घाबरून निघून गेलेल्या माणसाला परत येण्याची वाट तेथे कायद्यानेच ठेवली आहे. आपल्या कलम १३४ मध्ये २४ तासांची मुदत आहेच. किरकोळ नुकसानीसाठी पोलिस ठाण्याऐवजी ऑनलाइन नोंद पुरेशी मानली आणि स्वतःहून नोंद करणाऱ्याला शिक्षेतून वगळले, तर ते कलम पाळले जाण्याची शक्यता वाढेल.

तोवर वर्तकनगरच्या आवारात काय, कल्याण-डोंबिवलीच्या गल्लीत काय, उपाय प्रत्येकाच्या हाती आहे तो एवढाच. थांबावे, नाव सांगावे, छायाचित्र काढावे, हिशेब करावा आणि कागद करून मोकळे व्हावे. बंपर आठ हजारांत नवा येतो. ज्याच्याशी भांडलो तो बहुतेक वेळा त्याच इमारतीत राहणारा असतो, आणि उद्या सकाळी त्याच फटीतून गाडी काढताना ‘जरा मागे बघता का’ असे त्यालाच म्हणावे लागणार असते.